शांतता कुणाची, पास कुणाचा?

कल्याण सुटलं की रुळांच्या दोन्ही अंगांना फलक सुरू होतात. डोंगराच्या कुशीतलं घर, नदीकाठचं घर, स्टेशनपासून पाच मिनिटांवरचं घर. फलकावर एक कुटुंब हिरवळीवर बसलेलं असतं. खालून जी लोकल जाते तिच्या दारात त्याच कुटुंबाचा कर्ता एका पायावर उभा असतो. या दोघांना एकाच वाक्यात आणायचं धाडस एकही बिल्डर करत नाही. ते आज मी करते.

आधी माझी बाजू सांगून टाकते. मी बदलापूरला राहते, मला हे गाव आवडतं आणि मी शांततेच्या बाजूची आहे.

इथली शांतता खरी आहे. पहाटे गॅलरीत उभं राहिलं की भारद्वाज घुमतो. पावसाची झड उघडली की चंदेरीचा सुळका धुऊन काढल्यासारखा समोर येतो आणि माथेरानच्या रांगेवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरताना दिसतात. मे संपत आला की आदिवासी बायका स्टेशनाबाहेर पानांच्या द्रोणांत जांभळं मांडून बसतात. बदलापूरच्या जांभळाची चव ज्याच्या जिभेवर आहे तो दुसरीकडच्या जांभळाला हात लावत नाही. आमच्या इमारतीत एक आजोबा आहेत. परळच्या चाळीत, एका खोलीत सात माणसं, अशी त्यांची निम्मी हयात गेली. गिरणीची रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा झोपायला जागा नसायची. आता ते दुपारी जेवून खिडकीखाली आडवे होतात आणि दोन तास गाढ झोपतात. त्या झोपेची किंमत चौरस फुटात काढता येत नाही.

त्यामुळे दादर-पार्ल्याचे नातेवाईक आले आणि त्यांनी ठेवणीतला प्रश्न टाकला, 'अगं, एवढ्या लांब कशा राहता तुम्ही?', की मला राग येतो. तुमचं दादर तरी काय होतं? 1896 च्या प्लेगनं मुंबई हादरली, पाठोपाठ 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि त्यानं दाटीतल्या माणसांसाठी दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर वस्ती आखली. गिरगावातल्या लोकांनी तेव्हा तुमच्या पणजोबांना हेच विचारलं असणार. पार्लं तर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं ते 1950 मध्ये. म्हणजे बाहेरच्या शांत वस्तीत घर करणं ही मुंबईच्या मराठी माणसाची जुनी वहिवाट आहे. पुढे ती डोंबिवलीला गेली, मग अंबरनाथ, मग आम्ही, आणि आता वांगणी-नेरळ. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. 2011 मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर जे टॉवर उठले ते मोजायला नवी जनगणना यायची आहे, पण सकाळी आठला फलाटावर उभं राहिलं तरी अंदाज येतो.

लोक इथे हौसेनं आले, असंही समजू नका. काही आले. बाकीच्यांच्या खिशानं त्यांना इथे आणून सोडलं. दादरला स्वयंपाकघर येणार नाही एवढ्या पैशांत इथे दोन खोल्या, गॅलरी आणि वर लिफ्ट मिळते. मुलाला वेगळी खोली मिळते. सून-सासू एकाच ओट्यापाशी अडखळत नाहीत. त्या गरजेची टिंगल ज्यांना करायची आहे त्यांनी आधी स्वतःच्या घराचे आजचे भाव बघावेत आणि मग सांगावं, आज घ्यायची वेळ आली तर ते कुठे घेतील.

एवढं बोलून झाल्यावर जे कुणी सांगत नाही ते सांगते.

ही शांतता घरात राहणाऱ्याला मिळते. आजोबांना मिळते, शाळकरी मुलांना मिळते, रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना मिळते. जो तिचे हप्ते भरतो त्याला ती क्वचितच दिसते. तो अंधारात निघतो आणि अंधारात परततो. चंदेरी कुठल्या बाजूला आहे हे त्याला विचारा. थोडा वेळ आठवावं लागेल.

बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. फास्ट मिळाली, वेळेवर सुटली आणि मध्ये कुठे सिग्नल बिघडला नाही तर दीड तास. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा धरा, रिक्षाची रांग धरा, उतरल्यावरची बस धरा. एका बाजूला दोन-सव्वादोन तास झाले. जाऊन-येऊन दिवसाचे चार तास असे निघून जातात जे ना घराचे ना कामाचे. ऑफिस त्याचा पगार देत नाही आणि घर त्याची दखल घेत नाही.

हे चार तास कसे असतात ते माझ्या डब्यातून दाखवते. बदलापूर लोकल फलाटाला लागते तेव्हा ती रिकामी नसते. अंबरनाथच्या बायका आधी उलट्या दिशेनं बदलापूरपर्यंत आलेल्या असतात, म्हणजे मुंबईकडे जाताना बसायला मिळावं. याला आमच्याकडे 'रिटर्न' म्हणतात. त्यांच्याही घरून ऑफिस तितकंच लांब, त्यांच्याही गाडीला तीच गर्दी. त्यांनी दुसरं काय करावं? पण बदलापूरची बाई पास काढून, वेळेच्या आधी फलाटावर येऊन, आपल्याच स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीत उभी राहते. मग भांडणं होतात. दोन दमलेल्या बायका एका सीटवरून हमरीतुमरीवर येतात, आणि ज्यांनी गाड्या वाढवायच्या ते नामानिराळे राहतात.

सीटचा व्यवहार डोंबिवलीच्या आधीच सुरू होतो.

'ताई, कुठे?'

'घाटकोपर.'

'मग मला द्या हं.'

'घाटकोपरला ह्यांनी सांगून ठेवलीय. तुम्ही पलीकडे विचारा.'

पलीकडची दादरची असते. म्हणजे दादरपर्यंत उभं राहायचं आणि दादरनंतर बसून करायचं काय? तरीही सीट मागून ठेवतात, कारण भायखळ्यापर्यंत तरी पाय सुटे होतात. चौथ्या सीटवर बसलेलीचा अर्धा भाग अधांतरी असतो. ठाण्याला उतरायचं असेल तर दिव्यापासून उठून दाराकडे सरकायला लागायचं, नाहीतर मुलुंडच. या गर्दीत गरोदर बाई असते, गुडघे गेलेली बाई असते, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी असते जिच्या पगारातला मोठा तुकडा घरच्या हप्त्यात जातो. तिला विचारा शांत उपनगराचं आकर्षण.

आणि ही फक्त सीटची गोष्ट नाही. 9 जून 2025 ला सकाळी मुंब्रा स्टेशनाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूनं गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसं लटकलेली होती. एकमेकांना घासून ती खाली पडली. चार जणांचा जीव त्याच दिवशी गेला. एक गाडी कसाऱ्याहून मुंबईला चालली होती, दुसरी मुंबईहून कर्जतला. कसारा आणि कर्जत: मध्य रेल्वेची दोन टोकं, म्हणजे जिथे घरं परवडतात त्याच दोन दिशा. लगेच दारं आपोआप बंद होणाऱ्या लोकलची घोषणा झाली. दारं बंद झाली की लटकता येणार नाही, हे बरोबर. मग जे लटकत होते ते कुठे उभे राहणार? फलाटावर. आणि त्यांची हजेरी कोण लावणार?

ज्या मार्गिकेनं हे थोडं तरी हलकं होईल ती कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका. चौदा किलोमीटरचं काम. 2019 मध्ये एमयूटीपीच्या, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या, 3 ए टप्प्यात मंजूर झालं. तेव्हा जे मूल पाळण्यात होतं ते आता शाळेत जातं आणि काम चालूच आहे. या काळात टॉवर किती उभे राहिले? टॉवरला मंजुरी देणाऱ्या टेबलावर आणि रेल्वेला पैसे देणाऱ्या टेबलावर वेगवेगळे लोक बसतात, हे मला कळतं. पण मरणारा माणूस दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीतून पडतो, हे त्यांना कळायला हवं. मेट्रो 14 कांजूरमार्गहून बदलापूरला येणार, असं नकाशात आहे. जाहिरातींत तर ती येऊन पोहोचली आहे आणि तिच्या नावावर चौरस फुटाचा भाव चढवूनही झाला आहे. घर घेणाऱ्यानं एक पक्कं करावं: जी गाडी आज धावते तिच्याच भरवशावर घर घ्यावं.

ऑगस्ट 2022 मधलं आठवा. साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आणल्या. तिकीट कितीतरी महाग, आणि मागची साधी गाडी आणखी तुंबली. कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी उसळले, स्टेशन मास्तरांच्या दारात जाऊन बसले. मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. आम्हाला थंड हवा नको होती असं कुणी समजू नये. आम्हाला जागा हवी होती. या गावानं एकत्र येऊन काही मागितलं तर मिळतं, हे त्या दिवसांत दिसलं, आणि म्हणूनच त्यानंतरची आमची चुप्पी मला जास्त टोचते.

आता त्या शांततेकडेच वळू, कारण तिच्या आयुष्याबद्दलही भ्रम आहेत.

तुमच्या करारनाम्यात फ्लॅटचा कार्पेट एरिया लिहिलेला असतो, पार्किंग लिहिलेलं असतं. शांतता लिहिलेली नसते. ती तुमच्या इमारतीची नसतेच. शेजारच्या मोकळ्या प्लॉटची असते. त्या प्लॉटच्या मालकानं विकासकाशी करार केला की ती संपली. पोकलेन येतो, बोअर मारणारी गाडी येते, पहाटे सहाला मिक्सर फिरायला लागतो. सतराव्या मजल्याची भिंत तुमच्या खिडकीसमोर उभी राहते आणि तिच्या जाहिरातीत तीच टेकडी असते जी तुम्हाला आता दिसत नाही. डिसेंबर 2020 पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, जास्त उंच आणि जास्त दाट बांधायची मुभा वाढली. त्यामुळे गॅलरीतून दिसणारं शेत कायमचं आहे असं धरून कुणी वाढीव पैसे मोजत असेल तर त्यानं आधी नगरपालिकेत जाऊन विकास आराखड्यात त्या शेताचा रंग कुठला आहे ते बघावं. हिरवा असेल तर थोडा धीर धरा. पिवळा असेल तर दोन-तीन पावसाळे.

डोंबिवलीनं हे सगळं भोगलं आहे. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गानं ज्या डोंबिवलीत जागा घेतल्या तिथे विहिरी होत्या, भातशेती होती, बैठी घरं होती. शांतता म्हणूनच लोक गेले. त्यांच्या मुलांनी ती शांतता शोधायला पुढचं स्टेशन गाठलं. नातवंडं आणखी पुढे. दर पिढीला वीस-पंचवीस किलोमीटर आणि अर्धा तास. या हिशेबानं पणतू घाटाखाली पोहोचेल.

पाण्याबद्दल बोलायला हवं, कारण बाहेरच्या उपनगराचा सगळ्यात मोठा अन्याय तिथे आहे. बारवी धरण आमच्या उशाला. एमआयडीसीचं धरण. तिथलं पाणी ठाण्याला जातं, नवी मुंबईला जातं, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. त्याची उंची वाढवली तेव्हा मुरबाडकडची गावं पाण्याखाली गेली. उल्हास नदी तर आमच्या दारातून वाहते. तरी उन्हाळ्यात इथल्या कितीतरी सोसायट्यांत पाण्याचा टँकर दिसतो. धरण आणि नदी दोन्ही जवळ असून बादली मोजून भरणारी बाई पाहायची असेल तर एप्रिलमध्ये या.

आणि तीच नदी जुलैत घरात येते. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली ते जगानं पाहिलं. त्याच दिवशी उल्हास नदीनं बदलापुरात काय केलं ते इथल्या लोकांनी गच्चीवरून पाहिलं. 2019 मध्ये 26 जुलैच्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, वर हेलिकॉप्टर फिरत होती. रेल्वेचा भराव सखल जमिनीपेक्षा उंच असतो. भराव जिथे बुडाला तिथे खालच्या इमारतींच्या पार्किंगचं काय झालं असेल? दुचाक्या, मीटरच्या पेट्या, तळमजल्यावरच्या दुकानातला किराणा, सगळं गेलं. चिखल काढायला लोकांना आठवडे लागले.

म्हणून 'रिव्हर व्ह्यू' वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. नदीच्या दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लालच्या मध्ये निर्बंध. हे नकाशे असतात, बघायला मिळतात, आणि घर घेणाऱ्यांपैकी फार थोडे ते बघतात. टाइल्सचा रंग निवडायला चार फेऱ्या मारतात. माझी हात जोडून विनंती आहे: टाइल्स नंतर बघा. आधी त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. तो हात लावून दाखवेल.

हवेचंही थोडक्यात. दिवसा हवा चांगली, हे खरं. पण औद्योगिक वसाहत इथेही आहे आणि रसायनांचे कारखानेही आहेत. जून 2021 मध्ये शिरगावच्या वसाहतीत वायुगळती झाली, रात्री लोक डोळे चोळत, खोकत घराबाहेर आले. आजही काही रात्री उग्र वास येतो आणि सकाळी जातो.

दवाखान्याचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. शांत उपनगरात घर घेताना तिशीतला माणूस शाळा बघतो, बाग बघतो. रात्री अडीच वाजता आपल्या आईच्या छातीत कळ आली तर काय, हे तो बघत नाही. छोटी रुग्णालयं इथे आहेत, चांगले डॉक्टरही आहेत. पण मेंदूत रक्तस्राव झाला, जन्मलेल्या बाळाला काचेत ठेवायची वेळ आली, भाजलेला माणूस आला, की चिठ्ठी मिळते: उल्हासनगर, कळवा, नाहीतर मुंबई. रुग्णवाहिका मिळेपर्यंतचा वेळ, रेल्वेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचा वेळ, रस्त्याचा वेळ. ज्या वृद्धांच्या शांततेसाठी हे घर घेतलं, त्यांच्याच वाट्याला हा धोका सगळ्यात जास्त येतो. लाखांवर वस्ती असलेल्या गावात सगळे विभाग चालू असलेलं मोठं सरकारी रुग्णालय असावं, ही मागणी चैनीची आहे का? मला नाही वाटत. स्टेशनाच्या नूतनीकरणाइतकीच ती तातडीची आहे.

आता गिरणी कामगार. मुंबईच्या ज्या जमिनीवर त्यांनी जन्म काढला तिथे मॉल आणि टॉवर झाले, आणि त्यांना सरकारनं घरं दाखवली ती शेलू आणि वांगणीला. जुलै 2025 मध्ये त्यांच्या संघटना आझाद मैदानावर जमल्या आणि म्हणाल्या, आम्हाला घर मुंबईतच हवं. तेव्हा काही शहाण्यांनी नाकं मुरडली: फुकटात मोकळी हवा मिळतेय, ती पण नको यांना! मी वांगणीच्या अलीकडच्या स्टेशनात राहते आणि मी गिरणी कामगारांच्या बाजूची आहे. सत्तरीतल्या माणसाचा दवाखाना परळला, मुलाची नोकरी लोअर परळला, ओळखीचं प्रत्येक माणूस लालबागला. त्याला डोंगर दाखवून काय उपयोग? आमच्या इमारतीतल्या आजोबांची झोप गाढ आहे कारण ते स्वतःच्या निर्णयानं इथे आले, लेकीच्या शेजारी आले. तीच झोप सरकारी आदेशानं येत नाही. शांतता निवडली तर सुख आहे. लादली तर ती हद्दपारी आहे.

हे सगळं टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि टाळायचं ठरलंही होतं. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. तिचा गाभा घरं हा नव्हताच. काम पलीकडे न्या, सरकारी कचेऱ्या पलीकडे न्या, मग माणसं आपोआप तिथे राहतील, असा तो विचार होता. त्या शहरासाठी 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. घाऊक बाजार पुढे वाशी-तुर्भ्याला गेले, लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. सरकारनं दुकानदारांना आणि हमालांना हलवलं, स्वतः हललं नाही. नंतर मोठी कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात जमली. काम आत, माणूस बाहेर, आणि मध्ये एक लोकल: हा नकाशा कुणी चुकून काढलेला नाही. तो वर्षानुवर्षांच्या निर्णयांनी काढला आहे, आणि निर्णय बदलता येतात.

बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात हिशेब तपासणारी, कॉल घेणारी, सॉफ्टवेअर लिहिणारी, शिकवणारी, नर्सिंग केलेली हजारो माणसं राहतात. 2020 च्या टाळेबंदीत त्यांच्यातल्या अनेकांनी घरून काम केलं आणि ते काम झालं. तेव्हा पहिल्यांदा इथल्या कर्त्या माणसांनी आपल्याच गॅलरीतून पाऊस पाहिला. मग ऑफिसं उघडली आणि सगळ्यांना पुन्हा दारात लटकायला बोलावलं. ज्या कंपन्यांना माणसं बदलापूरची लागतात त्यांनी आठवड्यातले काही दिवस तरी त्यांना बदलापुरात का ठेवू नये? जिल्ह्याच्या, महामंडळांच्या, विद्यापीठाच्या ज्या कचेऱ्यांचं दक्षिण मुंबईत असण्याचं कारण फक्त सवय आहे, त्या कल्याणच्या पुढे का आणू नयेत? एक मोठी कचेरी इथे आली तर सकाळच्या गाडीतून शेकडो माणसं कमी होतील, आणि त्यासाठी रूळ टाकावे लागणार नाहीत.

घर घ्यायचा विचार करणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. इथे या, जरूर या. पण डिसेंबरातल्या रविवारी, बिल्डरनं पाठवलेल्या गाडीतून येऊ नका. जुलैतल्या मंगळवारी सकाळी आठला बदलापूरच्या फलाटावर उभे राहा, तुमच्या ऑफिसापर्यंत जा, आणि संध्याकाळी साडेसहाला सीएसएमटी किंवा दादरहून परत या. बायकोला नोकरी असेल तर ती लेडीज डब्यातून येऊ दे. दोघांनी मग घरी बसून बोला. कोण प्रवास करणार, किती वर्षं करणार, पहाटे डबे कोण भरणार, मूल आजारी पडलं तर शाळेत कोण पोहोचणार, हे कागदावर लिहा आणि त्याखाली दोघांची सही असू द्या. भोगवटा प्रमाणपत्र मागा, पूररेषेचा नकाशा मागा, पाण्याची जोडणी कागदावर दाखवा म्हणा. सगळं समजून जो घेईल तो इथे सुखानं राहील. असे सुखानं राहणारे मला रोज भेटतात.

आणि जे आधीच राहतात त्यांना. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आला आणि उद्यान, कमान, सुशोभीकरण सांगायला लागला, की त्याला थांबवा. तिसरी-चौथी मार्गिका कोणत्या महिन्यात, रुग्णालय किती खाटांचं, आणि मुंबईतली कुठली कचेरी इथे आणणार ते विचारा. त्यानं दिलेलं उत्तर लिहून घ्या आणि खाली त्याची सही घ्या. कागद सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावा. त्याची एक प्रत मला पाठवा, मी ती याच जागी नावानिशी छापेन.